बखर नव्हे, अस्सल कागद : काळजीवाहकाच्या वहीचा प्रश्न

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेतली किंवा प्रौढांच्या कर्मशाळेतली रोजनिशी उघडली, तर तीत बहुधा एकाच धाटणीची वाक्ये भेटतात : 'आज त्रास दिला', 'चिडचिड केली', 'शांत होता'. ही नोंद नव्हे, हा शेरा आहे. मूल नेमके काय करत होते, किती वाजता, किती वेळ, त्याच्या आधी काय घडले आणि नंतर भोवतालच्या माणसांनी काय केले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. तरीही याच वहीच्या आधारावर, आणि वही नसेल तर नुसत्या आठवणीवर, मोठे निर्णय होतात. गोळीची मात्रा वाढते, पालकांना 'याला काही दिवस घरी न्या' असे सांगितले जाते, एखाद्याला इतरांपासून वेगळे बसवले जाते आणि 'मारकुटा' हा शिक्का त्याच्या कपाळी कायमचा बसतो. निर्णय जितका जड, तितकाच त्याच्याखालचा कागद हलका, अशी ही स्थिती आहे. ती काळजीवाहकाच्या आळसातून आलेली नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. वही तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी लिहिली जाते, मुलासाठी नाही, म्हणून ती पोकळ राहते. नोंद सुधारायची असेल, तर ती लिहिणाऱ्याच्या हाती परत आली पाहिजे आणि त्याच्या कामी पडली पाहिजे.

2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 15 लाख बौद्धिक दिव्यांग होत्या. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या हक्क कायद्याने ते 21 केले आणि स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. महाराष्ट्राने 2022च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळा विभागच काढला. पण कायदा आणि विभाग तालुक्याच्या गावी उतरतात तेव्हा त्यांना कोणाचा तरी चेहरा लागतो. बुराईकाठचे शिंदखेडा घ्या. कापसाचा हा तालुका, मिरचीच्या बाजारासाठी नाव असलेले दोंडाईचा याच तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वे याच तालुक्यातून जाते. पण मोठ्या दवाखान्याचे काम निघाले की वाट धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची. अशा ठिकाणी दिव्यांग मुलासाठीची 'सेवा' म्हणजे समग्र शिक्षा अभियानातून गटसाधन केंद्रात नेमलेले विशेष शिक्षक, अंगणवाडीताई, एखादी विशेष शाळा आणि या सर्वांहून जास्त वेळ मुलाजवळ असणारी आई. 1992च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे विशेष शिक्षकांची आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. रात्री दोन वाजता उठून मुलाला आवरणारा काळजीवाहक, मदतनीस किंवा आई यांचे नाव तिथे नसते. तज्ज्ञ पंधरा मिनिटे पाहतो आणि लिहितो. जो दिवसभर पाहतो त्याला कसे लिहावे हे कोणी शिकवलेलेच नसते. प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आठवणीवर विसंबण्यातला धोका धुळे जिल्ह्याला तरी नवा वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही आहे. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढताना त्यांनी पानिपतपूर्व काळातली मूळ पत्रे छापली आणि प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती घेतली. बखर घटना होऊन गेल्यावर लिहिली जाते. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो आणि तो शेवट आधीच्या प्रत्येक प्रसंगाला आपला रंग देतो. पत्र त्याच दिवशी, त्याच मुक्कामावरून निघालेले असते. त्याला पुढचे माहीत नसते, म्हणून ते विश्वासार्ह. पाळी संपताना, घरी जायच्या घाईत, दिवसभराचे आठवून लिहिलेली रोजनिशी ही बखरच आहे. सायंकाळी मुलाने ताट भिरकावले असेल तर सबंध दिवस 'त्रासाचा' ठरतो, आणि दुपारी चार तास तो निमूटपणे दोरा ओवत होता हे कागदावर येतच नाही. महिन्याने डॉक्टर विचारतात, 'कसा होता?' त्याचे उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या दोन दिवसांचे असते. वर्तनाची नोंद म्हणजे घडल्या जागी, घडल्या वेळी केलेला अस्सल कागद. तो कसा मिळवायचा, हा या क्षेत्रातला पन्नास-साठ वर्षांचा अभ्यासविषय आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईची जय वकील शाळा 1944ची, पुण्याची कामायनी 1964ची, नाशिकची प्रबोधिनी 1977ची. मद्रासच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसने बनवलेल्या मूल्यमापन पद्धतीत 18 क्षेत्रांत विभागलेली 360 कौशल्ये आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेतून 1992 साली रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी दिली. तिच्या पहिल्या भागात 280 कौशल्यवर्तने आहेत आणि दुसऱ्या भागात 75 समस्यावर्तने. ही 75 वर्तने 10 गटांत लावलेली : मारणे-तोडणे, स्वतःला इजा करणे, तीच ती कृती करत राहणे, भीती वगैरे. प्रत्येकासमोर 'कधीच नाही', 'कधीकधी', 'वारंवार' यांपैकी एक गुण. साधन उत्तम आहे आणि ते इथल्या मुलांसाठी इथेच घडले. पण ते ठराविक अंतराने भरायचे मूल्यमापन आहे. 'वारंवार' म्हणजे आठवड्यात दोनदा की दिवसात वीसदा, आणि सकाळी की संध्याकाळी, हे त्याने सांगावे अशी अपेक्षाच नाही. दोन मूल्यमापनांमधले महिने रोजनिशीच्या हवाली होतात. जय वकील संस्थेच्या 'दिशा' अभ्यासक्रमामुळे राज्यातल्या विशेष शाळांत शिकवण्याला एक समान चौकट मिळू लागली आहे; तीच शिस्त वर्गाबाहेरच्या, वसतिगृहातल्या आणि घरातल्या नोंदीला अजून मिळायची आहे.

या रोजच्या नोंदीचा पाया 1968 साली बिजू, पीटरसन आणि ऑल्ट या अमेरिकी अभ्यासकांनी मांडला. त्यांचे सूत्र साधे होते : वर्तनाच्या आधी काय झाले, वर्तन कोणते आणि त्यानंतर काय झाले, या तीन गोष्टी तीन रकान्यांत लिहा. कागदावर दोन उभ्या रेघा मारण्यापलीकडे खर्च नाही, पण या तीन रकान्यांनी पाहण्याची दिशाच बदलते. 'रागीट मुलगा' असे लिहिले की कारण मुलाच्या पोटात जाऊन बसते; 'हातातली वाटी काढून घेतली, डोके भिंतीवर आपटले, वाटी परत दिली' असे लिहिले की कारण दोन माणसांच्या मधे दिसू लागते. 1985 साली टशेट, मॅकडोनल्ड आणि लँगर यांनी आणखी सोपा तक्ता सुचवला : उभ्या बाजूला दिवसाचे तास, आडव्या बाजूला तारखा, आणि ज्या तासाला वर्तन घडले त्या चौकोनात खूण. दोन आठवड्यांनी कागद हातभर लांबून पाहिला की खुणा कुठे दाटल्या ते डोळ्यांना कळते. समजा, त्या दुपारी तीनच्या ओळीत दाटल्या. मग प्रश्न औषधाचा राहत नाही. तो खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हाचा, पत्र्याच्या खोलीचा, त्या तासाला ठरलेल्या कामाचा किंवा बदलणाऱ्या पाळीचा होतो. खुणा जेवणानंतर दाटल्या तर दात, पोट, बद्धकोष्ठ तपासायला हवे. मुलीच्या बाबतीत महिन्यातल्या ठराविक दिवसांत दाटल्या तर पाळीच्या वेदनांचा विचार हवा. ज्याला 'दुखते' हा शब्द बोलता येत नाही, त्याचे दुखणे असे खुणांमधून वाचावे लागते.

मग नोंदी बिघडतात कुठे? पहिले बिघडण्याचे ठिकाण व्याख्या. 'आक्रमकता' हा शब्द दिला की एक काळजीवाहक ढकलणे मोजतो, दुसरा ओरडणेही मोजतो, तिसऱ्याला रक्त निघाल्याशिवाय काही मोजावेसे वाटत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे विलंब. त्याविषयी वर आलेच आहे. तिसरे, देखरेखीचा अभाव. जॉन रीड यांनी 1970 साली दाखवले, की आपली नोंद कोणी ताडून पाहत नाही असे वाटताच प्रशिक्षित निरीक्षकांच्या नोंदीही ढिल्या पडतात. प्रयोगशाळेतल्या निरीक्षकांची ही कथा, तर रात्रपाळीला एकट्या असलेल्या मदतनिसाला दोष कसा द्यायचा? चौथे ठिकाण अधिक नाजूक आहे. ओ'लिअरी आणि सहकाऱ्यांनी 1975 साली निरीक्षकांना आधीच सांगितले की अमुक वर्तन कमी व्हायला हवे, आणि तशी नोंद आली की शाबासकी दिली. नोंदी अपेक्षेप्रमाणे वळल्या. ज्या संस्थेत 'नोंद कमी तर काम चांगले' असे समीकरण बसते, तिथे मुलाचे वर्तन तसेच राहते आणि नोंद मात्र कमी होते.

सुधारणेचा पुरावाही तितकाच स्पष्ट आहे. डोरोथिया लर्मन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली शिक्षकांच्या नोंदींची तुलना केली : एका पद्धतीत मोकळ्या कागदावर वर्णन, दुसऱ्या पद्धतीत आधीच छापलेले पर्याय आणि खूण करायची जागा. आखीव नमुना अधिक अचूक ठरला. मेयर आणि दिजेनारो रीड यांनी 2013 साली थेट काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर काम केले आणि प्रशिक्षणाचा नेटका संच दिल्यावर त्यांच्या नोंदींची अचूकता वाढते हे दाखवले. प्रशिक्षण म्हणजे इथे व्याख्यान नव्हे. सांगणे, करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच चूक-बरोबर सांगणे, या चार पायऱ्या कर्मचारी प्रशिक्षणाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा टिकल्या आहेत. जिल्ह्याच्या सभागृहात दिवसभर चालणाऱ्या कार्यशाळेत पहिली पायरी पार पडते, उरलेल्या तीन राहून जातात. अचूकता तपासायलाही यंत्र लागत नाही. एकाच अर्ध्या तासात दोघांनी वेगवेगळे मोजावे. एकाचे 12 आले, दुसऱ्याचे 15, तर लहान आकड्याला मोठ्याने भागून 80 टक्के जुळणी निघते. साधारणपणे 80च्या वर असेल तर नोंद वापरण्याजोगी मानतात. त्याखाली असेल तर माणूस बदलायचा नाही, व्याख्या बदलायची. आणि व्याख्या बदलायची तर भाषेपासून. शासकीय नमुन्यातला 'स्वइजात्मक वर्तन' हा शब्द शिंदखेड्यातल्या आईच्या तोंडी येणार नाही. 'डोकं आपटस', 'हात चावस', 'कपडा फाडस' हे अहिराणी तिच्या तोंडी आहेच. जे डोळ्यांना दिसते आणि तोंडात बसते, तेच अचूक मोजले जाते. नमुना अहिराणीत छापण्याने भाषेचा मानही राहतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने नोंद सुधारते.

पण नमुना आणि प्रशिक्षण दोन्ही देऊनही काही महिन्यांत वही पुन्हा कोरडी पडते, कारण नोंद वर जाते आणि खाली काहीच परत येत नाही. ग्रामीण महाराष्ट्राला नोंद ठेवता येत नाही, हा समज खोटा आहे. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरचे दूध मापले जाते, फॅट लागते, तिथल्या तिथे लिहिले जाते. एका ओळीची चूक झाली तरी उत्पादक दाराशी येऊन उभा राहतो. ही नोंद चोख राहते, कारण ती लिहिणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी लिहिली त्याला, दोघांनाही तिचा मोबदला दिसतो. काळजीवाहकाच्या नोंदीचा मोबदला पैशात नसेल, पण तो दिसायला हवा. आठवड्याच्या शेवटी विशेष शिक्षकाने त्या खुणांचा साधा आलेख भिंतीवर लावावा आणि काळजीवाहकालाच विचारावे, 'तुम्हाला काय वाटते, तीन वाजता काय होत असेल?' त्याच्या उत्तरावरून एक छोटा बदल करून पाहावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच आलेखावर तो बदल लागू पडला का ते पाहावे. आपल्या खुणेमुळे एका मुलाची दुपार सुसह्य झाली, हे एकदा पाहिलेल्या माणसाला पुढची खूण करायला परिपत्रक लागत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. एका पाळीत अनेक मुलांचे आंघोळ, जेवण, कपडे बघणाऱ्या माणसाने लिहायचे कधी? म्हणूनच सर्वांचे सर्वकाळ लिहिण्याचा आग्रह चुकीचा आहे. एका मुलाचे एकच वर्तन, दोन आठवडे, एवढेच घ्यावे. सतत चालणारे वर्तन असेल, जसे डोलत राहणे, तर दर अर्ध्या तासाला एकदा मान वर करून पाहावे आणि त्या क्षणी ते चालू आहे की नाही एवढी खूण करावी. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत 24 वेळा, प्रत्येक वेळी 10 सेकंद, म्हणजे दिवसाकाठी 4 मिनिटे. मारणे-चावणे यांसारखे मोजता येणारे वर्तन असेल, तर एका खिशातले चिंचोके दुसऱ्या खिशात टाकत जावे आणि पाळी संपताना मोजावेत. हे दुसऱ्या दर्जाचे उपाय नव्हेत. ठराविक क्षणी पाहण्याची पद्धत अभ्यासकांनी अखंड निरीक्षणाशी ताडून पाहिलेली आहे. मात्र माणसांची कमतरता नोंदीच्या युक्तीने भरून निघते असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट, प्रामाणिक नोंद हीच जास्त माणसे मागण्याचा पुरावा होऊ शकते : रात्री एकच काळजीवाहक असताना खुणा किती, आणि दोघे असताना किती, हे कागदच सांगेल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. 'वीस वर्षे सांभाळणाऱ्या मावशींना मुलाच्या डोळ्यांवरून कळते, त्यांना रकाने कशाला?' मावशींना कळते, यात शंका नाही, आणि त्या ज्ञानाला खूप मोल आहे. पण मावशी सुट्टीवर गेल्या की ते ज्ञानही सुट्टीवर जाते आणि त्या निवृत्त झाल्या की कायमचे हरवते. नोंदीने अनुभव बाद होत नाही, तो दुसऱ्याच्या हाती देता येतो. शिवाय व्याख्या ठरवताना सर्वांत आधी मावशींनाच विचारले पाहिजे, कारण हात चावण्यापूर्वी मुलगा कान चोळतो, हे त्यांनाच ठाऊक असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि रंगांचे ठिपके पुरतात. अक्षरज्ञान ही निरीक्षणाची अट नाही.

आणखी एक मार्ग यंत्राचा सुचवला जातो : अ‍ॅप द्या, कॅमेरे लावा. यंत्राला विरोध नाही, क्रमाला आहे. 2021च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले, कारण फोन निकृष्ट होते आणि नोंदीसाठीचा 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत होता. जे काम त्या वहीत करत होत्या ते यंत्राने अवघड केले. व्याख्या धूसर असेल तर अ‍ॅप ती धूसर माहितीच वेगाने वर पाठवते. कॅमेरा घटना दाखवतो, पण तासन् तासांचे चित्रण बसून पाहणार कोण? आणि आंघोळीच्या, झोपण्याच्या जागी माणसाची लाज राखणे हाही त्याचा हक्क आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने पालकांची संमती आवश्यक केली आहे; तो विचार कागदी वहीलाही लागू व्हावा.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मोजण्याने माणूस आकडा होतो आणि नोंद त्याच्याच विरुद्ध वापरली जाते. हा धोका टाळण्याचा उपाय त्या तीन रकान्यांतच आहे. पहिला आणि तिसरा रकाना मोठ्यांच्या वागण्याचा आहे : कोणी ओरडले, कोणी हात धरला, कोणी कोंडले. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 97ने एकांतात कोंडण्यास बंदी घातली आणि शारीरिक बंधन वापरलेच तर त्याची पद्धत, कारण आणि कालावधी ताबडतोब नोंदवणे बंधनकारक केले. पण त्या कायद्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येत केवळ बौद्धिक दिव्यांगत्व बसत नाही. म्हणजे ज्यांना बांधून ठेवले जाण्याची भीती मोठी, त्यांतल्या अनेकांना हे कलम थेट लाभत नाही. 2016च्या हक्क कायद्यात छळापासून संरक्षण आहे, पण संरक्षणाला पुरावा लागतो. पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेल्या अत्याचारांनी महाराष्ट्र हादरला. 2013 साली सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावली. जिला सांगता येत नाही, तिचे बदललेले वर्तन हीच तिची पहिली साक्ष असते. अंथरूण पुन्हा ओले होऊ लागणे, विशिष्ट माणूस दिसताच आक्रसणे, जेवण टाकणे, या गोष्टी तारखेनिशी लिहिल्या गेल्या तर ती साक्ष कोणाला तरी वाचता येते. म्हणून नोंद लिहिणाऱ्याला अभय हवे. खरे लिहिले म्हणून ज्याची नोकरी जाते, तो पुन्हा 'शांत होता' एवढेच लिहील.

नोंदीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. थॉम्पसन आणि इवाटा यांनी 2007 साली निरीक्षणावरून काढलेली कारणे आणि प्रत्यक्ष चाचणीतून निघालेली कारणे ताडून पाहिली. बहुसंख्य व्यक्तींच्या बाबतीत ती जुळली नाहीत. मूल डोके आपटते तेव्हा कोणीतरी धावतेच, म्हणून नोंदीत 'लक्ष वेधण्यासाठी' हे कारण फार दिसते, मग खरे कारण दुखरा कान का असेना. तेव्हा नोंद निवाडा देत नाही, ती नेमका प्रश्न विचारायला शिकवते. पण तो प्रश्नच न विचारण्याची किंमत मोठी आहे. इंग्लंडमध्ये 2015 साली सरकारी अंदाज आला, की बौद्धिक दिव्यांग असलेले 30 ते 35 हजार प्रौढ मानसिक आजाराचे निदान नसताना मनावर परिणाम करणारी औषधे घेत आहेत. त्यातून 2016 साली ही औषधे कमी करण्याची मोहीम उभी राहिली. औषध लागू पडते की नाही हे ठरवायला सुरू करण्यापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे कागदावर लागतात. ते नसतील तर मात्रा वाढत जाते, उतरण्याचे कारण कोणाला सापडत नाही.

शिंदखेड्यासारख्या तालुक्यात यासाठी नवी इमारत किंवा नवी योजना लागत नाही. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाने गृहभेटीत अहिराणीतला एक पानी तक्ता द्यावा, आईसोबत बसून अर्धा तास दोघांनी मोजावे, जुळणी पाहावी, पुढच्या भेटीला खुणा जोडून दाखवाव्यात. निवासी शाळेत काळजीवाहकांच्या आठवडी बैठकीत एकच आलेख चर्चेला घ्यावा. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने वही किती पाने भरली हे विचारू नये. या नोंदीमुळे कोणत्या मुलासाठी काय बदलले, एवढे एकच विचारावे. मग धुळ्याच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर 'महिनाभर कसा होता?' म्हणतील, तेव्हा आईला आठवणी गोळा कराव्या लागणार नाहीत. ती घडी केलेला कागद टेबलावर उलगडेल. त्यावर तीस दिवस असतील, वाईट आणि बरे दोन्ही, आणि मुलाने शब्दांविना जे सांगितले ते त्या-त्या वेळी टिपलेले असेल.